तांब्याच्या फ्लोटेशनमध्ये नको असलेली खनिजे कशी रोखावीत: टप्प्याटप्प्याने मार्गदर्शक

फ्लोटेशन म्हणजे दळलेले धातुक मिसळलेल्या पाण्यात हवा सोडून तांब्याचे कण बुडबुड्यांवर, फेसात वर आणणे. त्या फेसातून मिळणारा माल म्हणजे कॉन्सन्ट्रेट. त्याचा कस, म्हणजे तांब्याची टक्केवारी, घसरला की बहुतेक प्लांटमध्ये पहिला हात चुन्याच्या व्हॉल्व्हकडे जातो. पीएच वाढवून फरक पडत नाही, म्हणून डिप्रेसंट, म्हणजे नको ते खनिज दाबणारे रसायन, वाढवला जातो. त्याने फेस बसतो, म्हणून फ्रॉदर, म्हणजे फेस करणारे रसायन, वाढवला जातो. दोन पाळ्यांनंतर कस होता तिथेच असतो आणि तांब्याचा उतारा, म्हणजे धातुकातल्या तांब्यापैकी हाती आलेला वाटा, मात्र खाली आलेला असतो. चूक चुन्याची नसते आणि डिप्रेसंटचीही नसते. कोणते खनिज कोणत्या वाटेने फेसात येत आहे हे न ठरवताच उपाय सुरू झालेला असतो.

नको असलेले खनिज फेसात तीन वाटांनी येते.

पहिली वाट म्हणजे ते खरोखर तरंगते. त्याच्या पृष्ठभागाला पाणी चिकटत नाही, म्हणून बुडबुडा त्याला धरतो. टाल्क, म्हणजे आपले शंखजिरे, आणि ग्रॅफाइट जन्मतःच असे असतात. पायराइटला, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाला, हा गुण कलेक्टर देतो. कलेक्टर म्हणजे खनिजावर बसून त्याला तरंगवणारे रसायन.

दुसरी वाट पाण्याची. बुडबुड्यांच्या मधल्या पाण्यासोबत बारीक कण वर ओढले जातात. क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार, चिकणमाती, काहीही येऊ शकते. पृष्ठभाग कसा आहे याला इथे महत्त्व नसते.

तिसरी वाट जोडकणांची. एकाच कणात थोडे चाल्कोपायराइट (तांबे, लोह आणि गंधकाचे खनिज) आणि थोडा दगड अडकलेला असतो. तांबे तरंगते आणि दगडाला सोबत घेऊन येते.

पहिल्या वाटेवर रसायन चालते, दुसऱ्या वाटेवर फेस आणि पाणी सांभाळावे लागते, तिसऱ्या वाटेवर दळण. पाण्याबरोबर येणाऱ्या क्वार्ट्‌झवर डिप्रेसंट ओतून काहीही होत नाही. खालचे सगळे टप्पे याच विभागणीवर उभे आहेत. हा लेख सल्फाइड धातुकासाठी आहे, मुख्यतः चाल्कोपायराइट असलेल्या.

## टप्पा १: आधी ओळख पटवा

कॉन्सन्ट्रेटमध्ये फक्त तांबे मोजून भागत नाही. तांबे, लोह, गंधक, सिलिका, मॅग्नेशियम ऑक्साइड आणि ॲल्युमिना एवढे तरी मोजून घ्या. मग पुढचे गणित करा.

- तांब्याची टक्केवारी गुणिले २.८९ म्हणजे चाल्कोपायराइट.
- तांब्याची टक्केवारी गुणिले १.०१ म्हणजे चाल्कोपायराइटने वापरलेले गंधक.
- उरलेले गंधक गुणिले १.८७ म्हणजे पायराइट.
- शंभरातून चाल्कोपायराइट आणि पायराइट वजा केले की उरते ते सल्फाइड नसलेले खनिज.

दोन कॉन्सन्ट्रेट घेऊ. दोन्हींत तांबे २० टक्के.

पहिल्यात गंधक ३५ टक्के आहे. चाल्कोपायराइट ५७.८ टक्के होते, त्याने २०.२ टक्के गंधक घेतले. उरलेल्या १४.८ टक्क्यांचे पायराइट २७.७ टक्के. दगड उरला साधारण १४.५ टक्के.

दुसऱ्यात गंधक २१.५ टक्के आहे. चाल्कोपायराइट तेवढेच, पण उरलेले गंधक फक्त १.३ टक्के, म्हणजे पायराइट जेमतेम २.४ टक्के. दगड मात्र जवळजवळ ४० टक्के.

रोजच्या अहवालात ही दोन्ही कॉन्सन्ट्रेट सारखीच दिसतात: "कस २०". पहिल्याला पीएच आणि कलेक्टरची शिस्त हवी. दुसऱ्यात चुना कितीही वाढवला तरी फुकट जाईल. माझ्या मते हे पाच मिनिटांचे गणित रोजच्या अहवालातच असायला हवे. गंधकाचा आकडा नसलेला कसाचा अहवाल अर्धाच असतो.

तपासणी: लोहाने पडताळा घ्या. चाल्कोपायराइटचे लोह म्हणजे तांबे गुणिले ०.८८, पायराइटचे लोह म्हणजे उरलेले गंधक गुणिले ०.८७. पहिल्या उदाहरणात बेरीज ३०.५ टक्के येते. प्रयोगशाळेचा लोहाचा आकडा याच्या बराच वर असेल तर मॅग्नेटाइट, पायरोटाइट, क्लोराइट किंवा मिलच्या गोळ्यांचे झिजलेले लोखंड शोधा.

सावधान: धातुकात चाल्कोसाइट, कोव्हेलाइट किंवा बोर्नाइट जास्त असेल तर हे गणित चुकते. चाल्कोसाइटमध्ये जवळजवळ ८० टक्के आणि बोर्नाइटमध्ये ६३ टक्के तांबे असते आणि गंधक त्या मानाने कमी. उरलेले गंधक ऋण आले तर समजा की तुमचे धातुक निव्वळ चाल्कोपायराइटचे नाही. अशा वेळी खनिजशास्त्रीय तपासणीशिवाय पुढे जाऊ नका.

दगडाचा वाटा मोठा निघाला तर तो कोणता दगड आहे हे पाहा. मॅग्नेशियम वर असेल तर संशय टाल्क किंवा क्लोराइटवर घ्या. ॲल्युमिना वर असेल तर चिकणमाती किंवा सेरिसाइट अभ्रकावर. फक्त सिलिका वर असेल तर क्वार्ट्‌झ, आणि क्वार्ट्‌झ आपणहून तरंगत नाही. तो पाण्यातून आला असेल किंवा जोडकणातून.

शेवटी कॉन्सन्ट्रेट ३८ मायक्रॉनच्या चाळणीवर ओले चाळा आणि दोन्ही भागांचे पृथक्करण करा. दगड बहुतेक चाळणीखाली असेल तर पाण्याची वाट धरा, चाळणीवर असेल तर जोडकणांची. चाळणीवरचा माल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सोडू नका.

## टप्पा २: दोन साध्या बॅच चाचण्या

प्रयोगशाळेतील सेलमध्ये (फ्लोटेशनच्या टाकीत) एक किलो धातुक, ३० ते ३५ टक्के घन पदार्थ. नमुना ताजा दळलेला हवा. दळून रात्रभर ठेवलेल्या सल्फाइडचा पृष्ठभाग ऑक्सिडाइज होतो आणि दुसऱ्या दिवशीची चाचणी वेगळेच काहीतरी सांगते.

चाचणी अ: पाण्याचा हिशोब. नेहमीची रसायने वापरा आणि कॉन्सन्ट्रेट वेगवेगळ्या ट्रेमध्ये वेळेनुसार गोळा करा: पहिले मिनिट, मग तिसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या मिनिटापर्यंत. प्रत्येक ट्रे ओला तोला, वाळवून परत तोला. फरक म्हणजे फेसाबरोबर आलेले पाणी. आता आलेख काढा: आडव्या अक्षावर एकूण आलेले पाणी, उभ्या अक्षावर त्या दगडाचा उतारा.

बिंदू सरळ रेषेत बसून रेषा शून्यातून जात असेल तर दगड पाण्याबरोबर येतो आहे. रेषा मागे वाढवल्यावर उभ्या अक्षाला शून्याच्या वर छेदत असेल तर तेवढा दगड खरोखर तरंगतो आहे किंवा तांब्याला जोडलेला आहे. बहुतेक धातुकांत दोन्ही थोडे थोडे सापडते. कोणता वाटा मोठा आहे, त्यावर कुठून सुरुवात करायची ते ठरते.

या चाचणीत सगळ्यात जास्त चुका तोलण्यात होतात. सेलच्या कडा धुवायला जे पाणी पिचकारीतून वापरता, तेही ट्रेमध्येच जाते. पिचकारी आधी आणि नंतर तोला आणि ते पाणी वजा करा. हे विसरले की आलेख सुंदर दिसतो आणि खोटा असतो. खरवडण्याची लयही सगळीकडे सारखी ठेवा: ठरावीक सेकंदांनी एक, तितक्याच खोलीवर. पातळी राखायला घालायचे पाणी त्याच पीएचचे आणि तितकाच फ्रॉदर असलेले घ्या.

चाचणी ब: कलेक्टरशिवाय. फक्त फ्रॉदर घालून दोन-तीन मिनिटे हवा द्या. काय वर येते ते पाहा. पांढरट, बुळबुळीत, न फुटणारा फेस आला आणि बोटांना साबणासारखा लागला तर टाल्क आहे. काळा, शाईसारखा फेस कार्बनी पदार्थाचा. या फेसातही थोडे तांबे येतेच, कारण चाल्कोपायराइट कलेक्टरशिवायही काही प्रमाणात तरंगते. किती येते ते मोजून ठेवा, हा आकडा टप्पा ६ मध्ये लागेल.

## टप्पा ३: दळण जागेवर आणा

रसायनांना हात लावण्याआधी दळण तपासा. प्राथमिक दळणात साधारणपणे ८० टक्के माल १०० ते २०० मायक्रॉनच्या खाली असतो. नेमका आकडा तुमच्या धातुकावर ठरतो. रफरमध्ये, म्हणजे फ्लोटेशनच्या पहिल्या फेरीत, जोडकण येणे वाईट नाही. तांबे वाचवायचे असेल तर ते यायलाच हवेत, आणि त्यांना सोडवायचे काम पुढच्या रिग्राइंडचे (पुन्हा दळण्याचे) आहे.

नेहमीची चूक अशी की कस वाढवायचा म्हणून प्राथमिक दळणच आणखी बारीक केले जाते. त्यामुळे सगळा दगड बारीक होतो, २० मायक्रॉनखालचा गाळ वाढतो आणि तो पाण्याबरोबर फेसात येतो. म्हणजे एक वाट बंद करताना दुसरी रुंद केली. मऊ खनिजांचे तर फारच होते. टाल्क आणि चिकणमाती क्वार्ट्‌झच्या कितीतरी आधी पीठ होतात.

तपासणी: सायक्लोनच्या (बारीक आणि भरड माल वेगळा करणाऱ्या यंत्राच्या) ओव्हरफ्लोची चाळणी पाळीत किमान एकदा करा. सायक्लोनचा दाब आणि घन पदार्थाचे प्रमाण बदलले की दळणाचा आकार बदलतो. त्या बदलाचा दोष पुढे फ्लोटेशनच्या माणसाला लागतो.

## टप्पा ४: चुना, पाणी आणि पीएचमापक

पायराइट दाबण्याचे सगळ्यात स्वस्त साधन चुना आहे. म्हणूनच त्याची तयारी नीट हवी.

चुन्याचे दूध ताजे आणि सतत ढवळलेले असावे. तळाशी बसलेला चुना पंपातून कमी-जास्त जातो आणि पीएच डुलत राहतो. पीएच वर-खाली होणे हे पीएच थोडा कमी असण्यापेक्षा वाईट, कारण खाली गेलेल्या प्रत्येक वेळी पायराइटवर कलेक्टर बसतो आणि नंतर पीएच वाढवून तो सहज निघत नाही.

पीएचमापकाच्या काचेवर चुन्याचा थर बसतो. मापक ११ दाखवत असताना स्लरी (पाणी आणि दळलेल्या धातुकाचे मिश्रण) १०.२ वर असू शकते. रोज सौम्य आम्लाने काच धुवा, पीएच ७ आणि १० च्या द्रावणांत जुळवा आणि पाळीत एकदा हातातल्या मापकाशी ताळा करा.

चुना बॉल मिलमध्येच घाला, निदान मोठा हिस्सा तरी. नव्याने फुटलेला पायराइटचा पृष्ठभाग पहिल्या क्षणापासून अल्कधर्मी पाण्यात असावा. सेलच्या तोंडाशी चुना घातला तर तोपर्यंत विरघळलेले तांबे पायराइटवर बसून गेलेले असते.

सावधान: कळीचा चुना विझवताना खूप उष्णता निघते आणि उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. बंद चष्मा आणि डोळे धुण्याचा नळ, दोन्ही त्या जागी असल्याशिवाय काम सुरू करू नका.

परत वापरलेल्या पाण्याकडेही बघा. त्यात मागचा फ्रॉदर, कलेक्टर, कॅल्शियम आणि विरघळलेले गंधकयुक्त क्षार असतात. प्रयोगशाळेत नळाच्या पाण्यावर जमलेली चाचणी प्लांटमध्ये जमत नाही, त्याचे कारण बऱ्याचदा इथेच सापडते. चाचणी प्लांटच्याच पाण्यावर करा.

## टप्पा ५: रसायनांचा क्रम आणि पायराइट

क्रम असा:

1. मिलमध्ये चुना.
2. कंडिशनरमध्ये (फ्लोटेशनआधी रसायने मिसळण्याच्या टाकीत) डिप्रेसंट, दोन ते पाच मिनिटे.
3. कलेक्टर, एक ते दोन मिनिटे.
4. फ्रॉदर सगळ्यात शेवटी, मग हवा.

कलेक्टर आधी बसला की डिप्रेसंटला आधीच व्यापलेली जागा मिळते. हवा चालू असलेल्या सेलमध्ये डिप्रेसंट टाकणे म्हणजे तर तो वाया घालवणेच आहे. मंद कलेक्टर मिलमध्ये घालण्याची पद्धत आहे आणि ती चालते, पण तेव्हा चुनाही मिलमध्येच हवा.

पायराइट फार नसेल तर रफर पीएच ९ ते १० वर चालवता येतो. पायराइट जास्त असेल तर रफरमध्ये १०.५ च्या आसपास आणि क्लीनरमध्ये, म्हणजे रफरचा माल पुन्हा साफ करणाऱ्या सेलमध्ये, ११ ते १२. उच्च पीएचला पायराइटवर लोहाच्या हायड्रॉक्साइडचा थर बसतो, कॅल्शियमही चिकटते आणि झँथेटला (नेहमीच्या कलेक्टरला) जागा राहत नाही. म्हणूनच त्याच पीएचला कॉस्टिक सोड्यापेक्षा चुना पायराइट जास्त दाबतो. पण चुना लागेल तेवढाच वापरावा. धातुकात मॉलिब्डेनाइट किंवा सोने असेल तर जास्तीचे कॅल्शियम त्यांनाही दाबते.

पीएच वाढवण्याआधी कलेक्टर कमी करून पाहा. पायराइट तरंगण्याचे सगळ्यात सामान्य कारण जास्तीचा कलेक्टर हेच असते, आणि ते मान्य करायला कुणी तयार नसते, कारण कलेक्टर कमी केला की उतारा जाईल ही भीती असते. सगळा कलेक्टर सुरुवातीला ओतू नका. साधारण दोन तृतीयांश पहिल्या सेलला, उरलेला पुढे स्कॅव्हेंजरच्या (उरलेसुरले तांबे पकडणाऱ्या सेलच्या) आधी. सुरुवातीला कलेक्टर अपुरा असला की तो आधी तांब्याच्या खनिजावर बसतो. लांब साखळीचे अमाइल झँथेट जोरदार पण फारसे निवडक नाही. आयसोप्रोपाइल किंवा एथिल झँथेट जास्त निवडक आहे. थायोनोकार्बामेट पायराइटला झँथेटपेक्षा कमी धरते, त्यामुळे पीएच थोडा कमी ठेवूनही काम होते.

सावधान: झँथेट आम्लात विघटित होऊन कार्बन डायसल्फाइड देते, आणि तो विषारी तर आहेच, शिवाय चटकन पेट घेतो. द्रावण थोडे अल्कधर्मी पाण्यात, लागेल तेवढेच करा. जुन्या टाकीचे झाकण उघडताना जवळ ठिणगी नको.

पीएच ११.५ असूनही पायराइट तरंगतच असेल तर चुना वाढवणे थांबवा. बहुधा त्या पायराइटवर तांब्याचे आयन बसले आहेत. असे पायराइट झँथेटसाठी तांब्याच्या खनिजासारखे वागू लागते. हे आयन कुठून येतात? साठ्यात महिनोन् महिने पडून ऑक्सिडाइज झालेल्या धातुकातून, चाल्कोसाइट आणि कोव्हेलाइटमधून, किंवा आम्लधर्मी खाणीच्या पाण्यातून.

यावर उपाय या क्रमाने करा. जुना साठा ताज्या धातुकात थोडाथोडा मिसळा. एकूण चुना तेवढाच ठेवून त्याचा आणखी मोठा हिस्सा मिलमध्ये घाला, म्हणजे तांबे हायड्रॉक्साइड होऊन लवकर बाहेर पडेल. तरीही न जमल्यास सोडियम मेटाबायसल्फाइटची चाचणी घ्या. ते पीएच कमी करते आणि कमी पीएचला त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, म्हणून वायुवीजन तपासल्याशिवाय प्लांटमध्ये आणू नका. त्याचा चांगला पट्टा साधारण उदासीन ते किंचित अल्कधर्मी असतो. त्यामुळे चुन्याने पीएच १२ ला नेलेल्या स्लरीत ते ओतून निष्कर्ष काढू नका.

सायनाइड अगदी थोड्या मात्रेत पायराइट दाबते, पण चाल्कोसाइट, कोव्हेलाइट आणि सोने विरघळवतेही. चाल्कोसाइट-कोव्हेलाइटसारखी दुय्यम तांब्याची खनिजे असलेल्या धातुकाला ते योग्य नाही. पीएच १०.५ च्या खाली त्यातून प्राणघातक हायड्रोजन सायनाइड सुटू लागतो. परवानगी, मापक आणि प्रशिक्षित माणसे नसतील तर हा मार्ग विचारातही घेऊ नका.

## टप्पा ६: टाल्क आणि आपणहून तरंगणारे इतर

टाल्कवर चुन्याचा उपयोग होत नाही आणि कलेक्टर कमी करूनही तो थांबत नाही. दोन मार्ग आहेत.

एक, आधीच काढून टाकणे: फक्त फ्रॉदरवर टाल्क तरंगवायचा आणि फेकायचा. चाचणी ब मध्ये फेसाबरोबर गेलेले तांबे नगण्य होते का ते आठवा. नसेल तर हा मार्ग सोडा, किंवा तो फेस एकदा साफ करून तांबे परत आणा.

दुसरा, दाबणे: कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज किंवा ग्वार गम. ग्वार जोरदार आहे पण सल्फाइडलाही धरू शकतो. सेल्युलोज जास्त निवडक आहे, मात्र मात्रा जास्त लागते. टनामागे ५० ग्रॅमपासून सुरू करा आणि पायऱ्यांनी ३०० ग्रॅमपर्यंत चाचणी घ्या. फार टाल्क असलेल्या धातुकाला त्याहूनही जास्त लागते.

इथे सगळे गणित द्रावण कसे बनवले यावर अवलंबून आहे. अर्धा ते एक टक्क्याचे द्रावण करा. पाणी जोरात ढवळून भोवरा तयार करा आणि पावडर त्याच्या उतारावर चिमटीचिमटीने भुरभुरा. एकदम ओतली तर पिठल्यासारख्या गाठी होतात, बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या. गाठीतली पावडर कामाची नाही. सगळी पडल्यावर निदान तासभर सावकाश ढवळत ठेवा. द्रावण नितळ आणि एकसंध दिसेपर्यंत वापरू नका. शिळे द्रावण जंतूंमुळे पातळ होते. त्याची चिकटाई गेली की गुणही गेला.

तपासणी: डिप्रेसंट वाढवल्यावर फेस अचानक ठिसूळ झाला, बुडबुडे मोठे होऊन फुटू लागले तर घाबरू नका. टाल्कच फेसाला धरून ठेवत होता. तो खाली गेला की फेस पातळ होतो. आता फ्रॉदर थोडा वाढवावा लागतो. उलट चूक जास्त होते: फेस बसला म्हणून डिप्रेसंट परत कमी करतात आणि टाल्क परत येतो.

## टप्पा ७: चिकणमाती आणि गाळ

चिकणमाती तीन प्रकारे त्रास देते. पाण्याबरोबर वर येते, तांब्याच्या कणांवर लेप देऊन त्यांना झाकते आणि स्लरी इतकी घट्ट करते की हवा पसरत नाही. माँटमोरिलोनाइटसारखी फुगणारी माती यात सगळ्यात वाईट, केओलिनाइट त्या मानाने सौम्य.

पहिला उपाय पाणी. रफरमध्ये घन पदार्थ ३५ वरून २० ते २५ टक्क्यांवर आणा. त्याने सेलमधला वेळ कमी होतो, म्हणून मिलचा फीड कमी करावा लागेल. उत्पादनाचा माणूस कुरकुर करेल, पण घट्ट स्लरीत तांबे टेलिंगला (टाकाऊ मालात) जाते. दुसरा उपाय सोडियम सिलिकेट, जो कण एकमेकांपासून सुटे ठेवतो. तो जास्त झाला तर थिकनरमध्ये गाळ बसत नाही आणि परतीचे पाणी गढूळ येते. म्हणून मात्रा ठरवताना बीकरमध्ये निवळण्याचा वेग पाहा, फक्त कस पाहू नका. तिसरा उपाय म्हणजे फार मातीचे धातुक एकाच दिवशी न घालता मिसळून घालणे. जमत असेल तर माझी पसंती यालाच.

## टप्पा ८: पाण्याबरोबर येणाऱ्याला फेसात अडवा

चाचणी अ ने पाण्याची वाट दाखवली असेल तर रसायनांना हात न लावता इथून सुरुवात करा.

फेसाची जाडी वाढवा. पाणी आणि त्यातला दगड फेसातून खाली निथळायला वेळ मिळाला पाहिजे. रफरच्या पहिल्या सेलमध्ये फेस उथळ चालतो, पण क्लीनरमध्ये तो तसाच ठेवणे ही नेहमीची चूक. यांत्रिक क्लीनर सेलमध्ये २० ते ४० सेंटीमीटरपर्यंत जा, कॉलममध्ये (उंच, नळीसारख्या सेलमध्ये) मीटरभर. जाडी वाढवताना हवा तीच ठेवा, नाहीतर कशामुळे काय झाले ते कळणार नाही.

हवा कमी केली की फेस सावकाश येतो, कोरडा येतो आणि कस वाढतो. फार कमी केली तर फेस काठावर पोहोचण्याआधीच कोसळतो आणि भरड तांबे खाली पडते. फ्रॉदर जास्त झाला की बुडबुडे बारीक, फेस ओला आणि दगड भरपूर. सेलमधून फेस दुधासारखा वाहत असेल आणि लाँडरमध्येही (फेस वाहून नेणाऱ्या पन्हळीतही) बसत नसेल तर फ्रॉदर कमी करण्याची वेळ झाली आहे.

कॉलममध्ये फेस धुण्याचे पाणी हे सगळ्यात प्रभावी साधन आहे. फेसातून जितके पाणी वर जाते त्याहून थोडे जास्त वरून द्यायचे, म्हणजे एकूण प्रवाह खालच्या दिशेने राहतो. पाणी हळुवार आणि सगळीकडे सारखे पडावे. एक भोक बुजले की त्या पट्ट्यातून मळका फेस येत राहतो. धुण्याच्या पाण्याचाही पीएच सांभाळा. आणि हे पाणी टाल्क किंवा पायराइट धुऊन काढत नाही. ते बुडबुड्याला चिकटलेले असतात.

## टप्पा ९: रिग्राइंड आणि क्लीनर

रफर कॉन्सन्ट्रेटमधील जोडकण सोडवण्यासाठी ते साधारण २० ते ४५ मायक्रॉनपर्यंत दळले जाते. त्याहून बारीक जायचे असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पुरावा हवा. १० मायक्रॉनखालचे तांबे बुडबुड्याला नीट धडकतच नाही.

रिग्राइंडनंतर दोन गोष्टी घडतात आणि दोन्हींकडे दुर्लक्ष होते. नवीन पायराइट पृष्ठभाग उघडा पडतो आणि पीएच खाली येतो, म्हणून चुना रिग्राइंड मिलमध्येच द्या. दुसरे, लोखंडी गोळे आणि ताजे सल्फाइड मिळून पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात. क्लीनरच्या पहिल्या सेलमध्ये फेस मंद असेल तर कलेक्टर घालण्याआधी काही मिनिटे हवा देऊन पाहा.

क्लीनरमध्ये घन पदार्थ १० ते २० टक्के ठेवा. सौम्य स्लरीत पाण्याबरोबर येणारा दगड कमी होतो.

आता क्लीनर स्कॅव्हेंजरच्या टेलिंगचा प्रश्न. ते परत रफरला पाठवायचे की बाहेर काढायचे? परत पाठवले तर त्यातला पायराइट आणि टाल्क फिरत राहतो, साठत जातो आणि एके दिवशी सगळा क्लीनर भरून टाकतो. बॅच चाचणीत हे दिसत नाही. त्यासाठी लॉक्ड सायकल चाचणी (परत येणारा माल दर वेळी पुढच्या फेरीत घालायची चाचणी) हवी, किमान सहा फेऱ्यांची, आणि शेवटच्या फेऱ्यांत वजन स्थिर झाले की नाही ते पाहायचे. वजन वाढतच असेल तर सर्किटला बाहेर जायची वाट नाही. त्या टेलिंगमध्ये तांबे कमी असेल तर ते सरळ अंतिम टेलिंगला काढा.

## जिथे हे उपाय चालत नाहीत

आर्सेनिक. एनार्गाइटमध्ये ४८ टक्के तांबे आणि १९ टक्के आर्सेनिक एकाच खनिजात असते. टेनेंटाइटही तसेच. ते तांब्याचेच खनिज असल्यामुळे तांब्याबरोबर तरंगते आणि चुन्याने वेगळे होत नाही. स्मेल्टर आर्सेनिकसाठी दंड लावतात, चीननेही आयातीवर कमाल मर्यादा घातली आहे. यावर पहिला उपाय खाणीत आहे: कुठल्या भागात आर्सेनिक आहे ते नकाशावर घ्या आणि मिसळून घाला. ऑक्सिडेशनची पातळी नियंत्रित करून वेगळे करता येते, पण ते वेगळे सर्किट आहे, पाळीत करायचा बदल नाही.

जस्ताचे स्फॅलेराइटही तांब्याच्या आयनांनी तरंगू लागते. त्यासाठी मिलमध्ये झिंक सल्फेट, गरजेनुसार सल्फाइटबरोबर.

## टप्पा १०: बदल प्लांटमध्ये आणताना

एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलानंतर सर्किटमधील स्लरीच्या एकूण वेळेच्या निदान तिप्पट थांबा, मगच नमुना घ्या. फिरता माल असलेल्या सर्किटमध्ये याहूनही जास्त थांबावे लागते. फीड, कॉन्सन्ट्रेट आणि टेलिंग तिन्ही नमुने एकाच वेळी घ्या.

उतारा असा काढा: फीडचा कस फ, कॉन्सन्ट्रेटचा क, टेलिंगचा ट असेल तर उतारा म्हणजे १०० गुणिले क गुणिले (फ वजा ट), भागिले फ गुणिले (क वजा ट). फीड ०.८, कॉन्सन्ट्रेट २४ आणि टेलिंग ०.१ टक्के असेल तर उतारा ८७.९ टक्के येतो. टेलिंग ०.१ ऐवजी ०.१२ आले तर तो ८५.४ वर उतरतो. टेलिंगच्या पृथक्करणातली एवढीशी चूक अडीच टक्क्यांचा खोटा फरक दाखवते, म्हणून टेलिंगचे नमुने नेहमी दुहेरी तपासून घ्या.

एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. धातुक रोज बदलते. नवी मात्रा आणि जुनी मात्रा पाळीआड आलटून पालटून काही आठवडे चालवा, आणि कस, उतारा, पायराइट आणि दगड हे चारही आकडे समोरासमोर मांडा. कस वाढला पण दगड तेवढाच राहिला, फक्त पायराइट कमी झाला, तर कळते की चुन्याचा बदल लागू पडला आणि फेसाचे काम अजून बाकी आहे.